विझवेमामांचा पाचवा घाणा

त्यांना सगळे विझवेमामा म्हणत. आयुष्यभर कोळसा पाडलेला माणूस, आणि नाव पडलं विझवण्यावरून. त्याला कारण होतं. वाळकी धाटं भट्टीत पेटवायला कुणालाही येतं हो; पण निखाऱ्यावर राखेचा पहिला पांढरा पापुद्रा धरला रे धरला की पाणी ओतायचं, ही वेळ साधावी ती मामांनीच. जरा उशीर झाला की हाती नुसती राख.

भाचीने कोळशाचं केंद्र काढलं तेव्हा तिने मामांनाच भट्टीवर बोलावलं. इथला कोळसा जाळायचा नाही, शेतात पुरायचा. धाटांनी हवेतून ओढलेला कार्बन मग शेकडो वर्षं मातीत राहतो, आणि तशी तपासणाऱ्यांची खात्री पटली की त्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते विकता येतं. "कोळसा म्हणू नकोस मामा, बायोचार म्हण," ती बजावायची.

"नाव बदललं म्हणून जळायचा राहणार आहे का तो?" मामा म्हणायचे, आणि दोघं हसायची.

थंडीत मामींची छाती भरली. लाकडाचा धूर सोसेना, अंग तर सारखं गारठलेलं. बिनधुराचं जळण एकच, आणि ते करणारा घरातच. मामांनी भट्टीतून पाचव्या घाण्याला निघालेली कोळशाची बारा पोती घरी नेली आणि खिडकी उघडी ठेवून शेगडी पेटवली. केंद्राच्या वहीत लिहिलं, 'ओढ्याकाठच्या शेतात मातीत मिसळला.' खाली सही. शेगडीतली राख मात्र रोज त्याच शेतात नेऊन टाकली. वेडेपणाच म्हणायचा, पण अगदीच काही न पुरता सही करणं त्यांच्या जिवावर आलं.

उन्हाळ्यात तपासणीच्या बाई आल्या. एक जरी नोंद खोटी सापडली तरी वर्षभराचं काम रद्द, हे भाचीने आधीच सांगून ठेवलं होतं. केंद्र उभं करण्यात तिची तीन वर्षं गेली होती. बाईंनी मनाला येईल तिथे, चार शेतांत खणलं. चारही ठिकाणी काळे तुकडे निघाले. त्यांनी वही मिटली. भाचीच्या जिवात जीव आला.

सुटले होते की मामा. गप्प बसायला काय जात होतं? पण वेळ चुकवणं या माणसाला कधी जमलंच नाही.

"ओढ्याकाठी खणा," ते म्हणाले.

तिथे करडी राख निघाली.

"राख आम्ही धरत नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"ठाऊक आहे. तो कोळसा मी घरी जाळला. हिला काही माहीत नाही."

आपणहून सांगितलं म्हणून बाईंनी तेवढा घाणा खोडला. बाकीचं वर्ष वाचलं. मामांची सही मात्र यापुढे चालणार नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?" भाचीने विचारलं.

"तू 'ने' म्हणाली असतीस गं. मग खोटं तुझ्या नावावर लागलं असतं."

"बाराही पोती जाळलीत?" बाईंना लिहायचं होतं.

मामांनी भट्टीशेजारच्या छपरीकडे बोट केलं. ताडपत्रीखाली तीन पोती होती, तोंडं बांधलेली.

"रोज एक लागायचं," ते म्हणाले. "दहाव्या दिवशी पेटवायला बसलो, तर हिची मामी गेलेली. ही तीन लागली नाहीत, परत आणून ठेवली."