अमावस्येची हातोडी

कुरुळीत भागूबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. नवरा ज्योतीराम मुंबईला गिरणीत होता तोवर हे तोंड घरातल्या घरातच चाले. पण बावन्न साली गिरण्यांत कापडाचे गठ्ठे पडून राहिले, पाळ्या बंद झाल्या आणि ज्योतीराम एक ट्रंक आणि लाल बावटा घेऊन गावी परतला. त्याच वर्षी पावसानं दगा दिला. शहरात काम नाही आणि रानात दाणा नाही, आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. सरकारनं नाशिक रस्त्यावर खडी फोडायचं दुष्काळी काम काढलं, तेव्हा निम्मा गाव तिथं जाऊन बसला. ज्योतीरामनं तिथंच बावटा रोवला. मागेल त्याला काम आणि कामाला पोट भरेल एवढा दाम, एवढंच त्याचं मागणं होतं.

भागूबाईला त्या बावट्यातलं फार कळत होतं असं नाही. पण मुकादम हिंदुराव मापाची पेटी हलवून हलवून भरायचा, म्हणजे त्याच दामात खडी जास्त मावायची, हे तिनं चारचौघांत त्याच्या तोंडावर सांगितलं. पेटी हलायची थांबली. त्या दिवसापासून ती बावट्याची झाली, आणि हिंदुरावाच्या डोळ्यांत सलू लागली.

वैशाखात खेडच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि ज्योतीरामसकट गावचे अकरा गडी कोठडीत जाऊन बसले. मागे राहिल्या बाया आणि म्हातारे. चौथ्या दिवशी दुपारी कामावर पाणी भरणाऱ्या चिमाजीनं भागूबाईच्या कानात सांगितलं, की उद्या मोठा साहेब तपासणीला येतोय. हातात हातोडी घेतलेली माणसं तो स्वतः मोजणार होता. ती थोडी दिसली तर या भागाला कामाची गरज नाही असा शेरा मारून काम बंद करणार होता. हिंदुरावाला हे आठ दिवस आधी ठाऊक होतं, पण त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं.

भागूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या अमावस्या होती.

अमावस्येला दगडावर लोखंड उचलायचं नाही, ही त्या गावाची रीत. नांगराला बैल जुंपायचे नाहीत, खाणीत पहार लावायची नाही. सांगायला कारण कुणालाच येत नसे, पण म्हाताऱ्या तानाबाईचा मुलगा बन्सी मोशीच्या खाणीत अमावस्येला सुरुंग ठासायला गेला तो परत आला नव्हता, आणि कारण म्हणून गावाला तेवढं पुरे होतं. भागूबाईला स्वतःला भीती नव्हती म्हणावं, तर तेही खोटं. तिनंही आजवर एकही अमावस्या मोडली नव्हती.

तरी दिवस मावळायच्या आत ती घरोघर फिरली. काम गेलं तर चूल पेटायची नाही हे बायांना सांगावं लागत नव्हतं. पण सगळ्यांचं बोट तानाबाईच्या दाराकडे. म्हातारी म्हणेल तसं. तानाबाईनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येऊन बसंन मी. हातोडी उचलायचं तेवढं सांगू नगंस."

सकाळी सगळ्या आल्या. आपापल्या ढिगामागं ओळीनं बसल्या, आणि हात पदराखाली घेतले. हातोड्या पुढ्यात पडलेल्या. हिंदुराव मांडवाच्या सावलीत उभा राहून गालातल्या गालात हसत होता. मोशीकडून जीपची धूळ दिसू लागली तरी एकही हात बाहेर येईना. भागूबाई आपल्या ढिगापुढं सरकली. तिनं हातोडी उचलली, दगडावर घातली, आणि घालतच राहिली. तो एकटा आवाज माळावर फार मोठा वाटत होता. मग तिच्या डावीकडे तानाबाईनं डोळे मिटले, बन्सीचं नाव घेतलं आणि घाव घातला. तिच्यामागून सगळी ओळ वाजू लागली.

जीप थांबली. साहेब ओळीच्या त्या टोकाकडून मोजत निघाला. तो निम्म्यावर असेल नसेल, तोच भागूबाईच्या दगडाची एक कपची उडाली आणि थेट उजव्या डोळ्यात घुसली.

तिनं ओठ दातांखाली धरला. पदर कपाळावरून खाली ओढला, जसा साहेबासमोर कुणीही ओढेल तसा, आणि हात चालू ठेवला. पदराचा काठ भिजला. तानाबाईनं वळून पाहिलं आणि तिचा हात वरच थांबला. म्हातारी एक अक्षर ओरडली असती तर सगळी ओळ उठून गावाकडे पळाली असती. भागूबाईनं उरलेल्या डोळ्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. तानाबाईनं हातोडी खाली आणली, आणि मग पहिल्यापेक्षा जोरात घाव घालू लागली. साहेबानं शेवटपर्यंत मोजलं, शेरा लिहिला आणि जीप चाकणकडे निघून गेली. काम राहिलं.

डोळा मात्र राहिला नाही. अमावस्येनं आपला हिस्सा घेतला असं भागूबाईला वाटलं, आणि ते पुढं जन्मभर वाटत राहिलं. पण गावात तिनं सांगितलं, की कपची दुसऱ्या दिवशी लागली, प्रतिपदेला. बायांना शंका आली तेव्हा तानाबाई मध्ये पडली. "बन्सीची आण, म्या बघितलंय. प्रतिपदाच व्हती." मेलेल्या पोराची खोटी शपथ घेताना म्हातारीचा आवाजसुद्धा हलला नाही. पुढच्या अमावस्येला बाया न बोलावता कामावर आल्या.

ज्योतीराम सुटून आला तो छाती फुगवूनच. त्यालाही तिनं प्रतिपदाच सांगितली. सभेत उभा राहिला की तो हा किस्सा सांगायचा. अमावस्येला आमच्या बायांनी हातोडी उचलली, कुणाला साधं खरचटलं का? मग पुढं बसलेल्या बायकोकडे वळून विचारायचा, "सांग गं, झालं का कुणाला काय?"

"न्हाई," भागूबाई म्हणायची, "कुनाला काय बी झालं न्हाई."