जुनी चीर

उभी मालगाडी मी थेट पाचव्या नॉचवर उचलली आणि काहीच झालं नाही. अठ्ठावन्न वाघिणी गुणी मुलांसारख्या मागून चालू लागल्या. मी हँडल सोडलं आणि म्हटलं, "हे खोटं आहे."

ही गाडी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर होती. जुन्या डिझेल इंजिनाचा सिम्युलेटर. केबिन हुबेहूब, बाकी सगळं पडद्यावर. नवे चालक यावर शिकणार होते. मी उभी नोकरी अशाच इंजिनांवर काढली आणि निवृत्तीनंतर मुलीकडे इथे दक्षिणेत, वेस्ट मांबलमला आलो, म्हणून तपासायला मला बोलावलं होतं. माझी सही झाली की सोमवारी डेमो.

मॉडेल केलं होतं मुग्धाने. साताऱ्याची पोरगी, कंत्राटावर. डेमो पार पडला तर ती कायम होणार होती, नाहीतर सामान बांधून घरी.

"काका, खोटं काय त्यात?" तिचा चेहरा उतरला.

नॉच म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायच्या पायऱ्या, एकूण आठ. दोन वाघिणींमधला पोलादी सांधा म्हणजे कपलिंग. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असते. म्हणून पहिल्या नॉचवर दम धरायचा, एकेक वाघीण ताणात येऊ द्यायची. शेवटची आली की बसल्या जागी कळतं. मग पुढचा नॉच. घाई केली तर सगळी ढिलाई एका हिसक्यात संपते, कुठलं तरी कपलिंग तुटतं आणि गाडीचे दोन तुकडे होतात.

हे मी सांगितल्यावर मुग्धाने फाइल उघडली. कपलिंग तुटल्याचे जुने रिपोर्ट, स्कॅन केलेले. "कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच आहे, काका. 'कपलिंगला जुनी चीर.' म्हणजे दोष लोखंडाचा. म्हणून चालकामुळे तुटणं मी मॉडेलमध्ये घेतलंच नाही."

मी वाचत गेलो. अक्षरं वेगवेगळी, वाक्य तेच. ते वाक्य मला तोंडपाठ होतं. चूक कबूल केली की चार्जशीट, आणि लोखंड बिचारं उलट बोलत नाही. मला ते माझ्या वरिष्ठ चालकाने शिकवलं, मी पुढच्यांना शिकवलं.

तेवढ्यात तिचा मॅनेजर मुरुगन आला. "सार, मंडे डेमो. प्लीज, साइन करून टाका."

"नाही करता येणार. इथे जो पाचव्या नॉचवर शिकेल, तो खऱ्या गाडीतही तेच करेल."

"पण डेटा तुमच्याच लोकांचा आहे, सार. तो राँग कसा?"

मला लाज वाटत होती. पण पोरीने काम चोख केलं होतं. खोटं आमचं आणि नोकरी जायची तिची, हे काही पचेना.

"माझ्या हातून तीनदा तुटलं," मी म्हटलं. "तिन्ही वेळा कपलिंग ठणठणीत होतं."

"आणि रिपोर्टमध्ये?"

"तुमच्या फाइलमध्ये आहे तेच."

मुरुगन म्हणाला, "हे रायटिंगमध्ये द्याल? तोंडी सांगून क्लायंट डेमो पुढे ढकलणार नाही."

क्लायंट म्हणजे रेल्वेच, तिथे माझ्याच ओळखीचे लोक बसले होते. तरी लिहिलं. कितवा नॉच, किती वाघिणी, आणि कारण, 'चालकाची घाई'. खाली नाव लिहिलं. मग त्यांच्या हातून कसं तुटलं ते विचारायला चार जुन्या सोबत्यांना फोन केले. दोघांनी लगेच ठेवून दिला, दोघांनी सगळं सांगितलं.

डेमो तीन आठवडे पुढे गेला. आता पाचव्या नॉचवर गाडी उचलली की पडद्यावर तिचे दोन तुकडे होतात. मी सही केली. मुग्धा कायम झाली.

एक मात्र शिकलो. आमचे साहेब ते रिपोर्ट वाचून मनातल्या मनात हसायचे आणि फाइल बंद करायचे. कॉम्प्युटरने ते खरे मानले.