न्यूट्रॉनवाले मावसा

जळगाव जिल्ह्यात केळी सोडून न्यूट्रॉनची काळजी करणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या मावशीच्या पदरात पडला. मावसा कॉलेजात फिजिक्स शिकवत. अणूच्या गाभ्यात न्यूट्रॉन फार झाले की आतले थर कसे बदलतात, हा त्यांच्या जिवाला लागलेला घोर. गाभा काही डोळ्यांना दिसत नाही. त्यावर कणांचा झोत मारायचा आणि कण कुठल्या कोनात उडाले त्यावरून आतलं ओळखायचं. याला ते स्कॅटरिंग म्हणत, आणि घरातही तेच करत. मावशी रागावली आहे का, हे सरळ विचारायची त्यांची छाती नव्हती. ते स्वयंपाकघराच्या दिशेने एक निरुपद्रवी वाक्य फेकत, "माझा डबा कुठंय गं?" आतून "माझ्या डोक्यावर!" असं आलं की माझ्याकडे वळून गंभीरपणे सांगत, "सरळ उलटं आलं. एकशे ऐंशी अंश. आज कॅन्टीन."

फैजपूरची केळीची बाग मावसांचे थोरले भाऊ, आबा, बघत. घडाच्या खालच्या बारक्या फण्या वेळेवर कापल्या तर वरच्या नीट भरतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. मावसांनी एका सुट्टीत दोन ओळींतल्या फण्या कापूच दिल्या नाहीत. भरल्या थरावर जादा आलेल्यांचं काय होतं, ते त्यांना बघायचं होतं. व्यापाऱ्याने त्या मालाला हातही लावला नाही. "काय करून राह्यला रे तू?" आबा कडाडले. मावसा म्हणाले, "आबा, निसर्गात असंच असतं." "मंग निसर्गालेच इक!"

नव्वदनंतर कधीतरी जपानहून पत्र आलं. मावसा इतकी वर्षं टपालाने पाठवत असलेली गणितं तिथले शास्त्रज्ञ झोत मारायच्या मोठ्या यंत्रावर तपासणार होते. पाच दिवस यंत्र मिळालं होतं, आणि मावसांना बोलावलं होतं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते दारात आलं, आणि तारखा नेमक्या निघाल्या त्यांच्या मुलीच्या, सुनंदाच्या, लग्नाच्या. पोरगी शिरपूरला दिलेली, पत्रिका वाटून झालेल्या. मला टायपिंग येत होतं म्हणून नकाराचं पत्र मीच टाइप केलं. "घरात बोलू नकोस," मावसा म्हणाले. "सुनंदाला कळलं तर लग्न पुढे ढकलेल. माझ्यासारखीच वेडी आहे."

लग्न थाटात झालं. पाठवणीच्या वेळी मावसा लहान मुलासारखे रडले. शिरपूरचे व्याही त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "नका रडू भाऊ. शिरपूर काय दूर शे का?"

"नाही हो, जवळच आहे," मावसांनी डोळे पुसले. मग मनगटाकडे बघून मला हळूच म्हणाले, "तिकडे साडेसहा झाले असतील. सुरू झाला असेल झोत."

मी विचारलं, "मावसा, फार वाईट वाटतंय का हो?"

"वाटणारच की रे," ते म्हणाले. "पण तिथं असतो तर याहून जास्त वाटलं असतं."

सुनंदाची जीप निघाली. मावसांनी घड्याळ काढून खिशात घातलं आणि ते जीपच्या मागे चार पावलं चालत गेले.