एका नमो मारियात दहा थेंब

बंधाऱ्यावरची निम्मी वाट सरली तेव्हा गेलिंदोकाका थांबले. त्यांनी खिशातून मक्याचं वाळकं सालपट काढलं, खालच्या कालव्यात टाकलं आणि ते कुठे जातंय ते बघत उभे राहिले. सालपट हळूहळू पंपघराच्या दिशेने सरकू लागलं.

"चालू आहे," ते म्हणाले.

"चालूच असणार की!" नीवेस त्यांच्या कानाशी ओरडली. "बंद असता तर आपण पोहत निघालो नसतो का?"

"बोंबलू नकोस, पोरी. बहिरा झालोय, मेलो नाही अजून."

पंपाची घरघर नीवेसला केव्हापासून ऐकू येत होती. काकांचे कान मात्र दोन वर्षांपूर्वीच गेले होते. चाळीस वर्षं पंपाशेजारी काढल्यावर दुसरं काय होणार? एकट्या बहिऱ्या माणसाला या धुक्याच्या मुलखात ठेवायचं नाही म्हणून लेक लोरेदाना उद्या त्यांना तोरिनो शहरात न्यायला येणार होती. म्हणून आज सकाळी मृतांच्या स्मरणाची प्रार्थना झाल्यावर काकांनी बायकोच्या, आर्जियाच्या, थडग्यावर शेवंतीची फुलं ठेवली आणि तिथून तडक पंपघराची वाट धरली. नीवेस सोबत निघाली. चर्चची फरशी तीच पुसायची आणि वीस वर्षं पंपघराचीही.

"कोरडी होती ना गं माती?" काकांनी मध्येच विचारलं. "आर्जियाच्या पायाशी?"

"कोरडी ठणठणीत."

दफनभूमी समुद्रापेक्षा दोन मीटर खोल होती. गावच खोल होतं. पंप दोन दिवस थांबला की आधी दफनभूमीत पाणी भरायचं, मग बीटच्या शेतात, मग घरांत. आर्जियाला दमटपणाचा फार तिटकारा. ती जिवंत असताना चादरीसुद्धा चुलीवर धरून मगच अंथरायची.

पंपघरात इवानो होता. काकांच्या जागी आलेला, चाळिशीचा, मिशीला तेल लावणारा गडी.

"या या, सासरेबुवा! तुमची पंपराणी लेक सुखात आहे की नाही बघायला आलात?"

काकांना शब्द कळले नाहीत, पण ते हसले. त्यांची नजर मात्र हसली नाही. ती पंपाखालच्या पत्र्याच्या डब्यावर होती. डबा रिकामा होता. फरशी कोरडी.

"थेंब कुठाय?"

"बंद केला!" इवानो फुशारकीने ओरडला. "सोमवारी मंडळाचे साहेब यायचेत. पाणी गळतंय म्हणून कोण शिव्या खाणार? आवळून टाकला नट."

इथल्या माणसांचं हे असंच. मोठ्या पुरात घरादाराचा चिखल झालेला ज्यांनी पाहिला, त्यांना घरात गळणारा एक थेंबही सोसवत नाही. दिसला की हात शिवशिवतात. नीवेसनेही एकदा त्या गळणाऱ्या जागी फडकं कोंबलं होतं आणि काकांची बोलणी खाल्ली होती.

काकांनी केरसुणीचा लाकडी दांडा घेतला. एक टोक बेअरिंगवर टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले. कान गेल्यापासून ते असेच ऐकायचे. मग पंपाचा फिरता दांडा, शाफ्ट, जिथून बाहेर येतो तिथल्या ग्लँडवर, चरबीची दोरी ठासलेल्या तोंडावर, बोट ओलं करून लावलं. चर्र झालं.

"बेअरिंग ठीक आहे. ही जळतेय. थांबव."

"काका, कालवा भरलाय..."

"अर्धा तास. नाहीतर शाफ्टवर चरे पडतील आणि मग महिनाभर थांबेल. पाऊस तुझ्यासाठी थांबणार आहे का, मिशाळ्या?"

इवानोने पंप थांबवला. वीस वर्षांत ती शांतता नीवेसने फार थोड्या वेळा ऐकली होती. ग्लँड निवेपर्यंत काका बाकावर बसले आणि बोलत राहिले. आर्जिया याच बाकावर तळलेला बाम मासा आणि मक्याचं पिठलं घेऊन यायची. पहिली चार वर्षं ती पंपावर रुसलेली होती. "तुझा हात रात्रंदिवस त्या सवतीच्याच अंगावर," म्हणायची. घड्याळं इथल्या दमटपणात टिकत नसत, तेव्हा तिनेच शक्कल सांगितली. नमो मारियाची प्रार्थना एकदा सावकाश म्हणायची, तेवढ्यात दहा थेंब पडले की बरोबर. कमी पडले तर दोरी जळते, जास्त पडले तर सैल आहे.

"शाफ्टला प्यायला लागतं, इवानो. माणसासारखं."

मग त्यांनी पाना उचलला. दोन्ही नट सारखे सैल केले, आतली चरबीची दोरी बोटाने चाचपली. काळवंडली होती, पण तुटली नव्हती. पंप सुरू झाला. आधी धार लागली. काकांनी नट जरासा पिळला, थांबले, पुन्हा जरासा पिळला. थेंब सुटे झाले. टप. टप. त्यांना ते ऐकू येत नव्हते, म्हणून डब्यात हात धरून ते तळहातावर मोजत होते. ओठ हलत होते.

"साहेबांना काय सांगू?" इवानोने त्यांच्या कानाशी येऊन विचारलं. त्याच्या मिशीतला रुबाब उतरला होता.

"सांग, पंप जिवंत आहे."

परतताना धुक्यात दफनभूमीच्या भिंतीची कड दिसू लागली तसे काका थांबले. कोटातून पंपघराची जुनी किल्ली काढली, तिला आर्जियाच्या जपमाळेचा छोटा क्रूस बांधला होता.

"इवानो वाईट नाही," ते म्हणाले. "पण साहेब येणार म्हटलं की तो पुन्हा आवळणार. मी आता इथे बघायला नसणार. तू चर्चमधून घरी जातेस ना संध्याकाळी?"

नीवेसने मान हलवली.

"मग रोज आत जा. डब्याशी उभी राहा आणि एक नमो मारिया म्हण. दहा मोज. कमी पडले तर इवानोला नट सैल करायला लाव." त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि मूठ मिटवली. "पण सावकाश म्हण, पोरी. जपमाळेला तू घोड्यावर बसल्यासारखी पळतेस. तशी म्हटलीस तर पाचसुद्धा पडायचे नाहीत, आणि बिचाऱ्या इवानोला उगीच शिव्या बसतील."