नऊ आवाज, एक खोकला

पत्रकवालीची सकाळ एकाच वाक्याने सुरू व्हायची. "नमस्कार, मेल मिळाला का?"

हे वाक्य ती एकेचाळीस ठिकाणी म्हणायची. एकेचाळीस वृत्तपत्रं, वाहिन्या आणि रेडिओ केंद्रं तिच्या वहीत होती, आणि त्यांतली चाळीस तरी "मिळाला असेल, बघतो" एवढ्यावर तिची बोळवण करायची. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिची संस्था होती. संस्था म्हणजे कोण, तर एक निवृत्त डॉक्टर आणि ही. डॉक्टर लोकांच्या छात्या तपासून आकडे काढायचे. ते आकडे माणसांना कळतील अशा भाषेत लिहून जगापुढे मांडायचं काम हिचं. रंगाच्या कारखान्याच्या धुराड्याखाली चार गल्ल्या होत्या. तिथे दर तिसऱ्या घरात दमा होता, आणि ही बातमी कुणालाच नको होती.

"ताई, मृत्यू किती?" एक वार्ताहर घास चावता चावता विचारायचा.

"मृत्यू नाही हो. दमा आहे."

"अहो, दमा काय, माझ्या सासऱ्यांनाही आहे. मृत्यू झाला की कळवा, लगेच घेतो."

फोन ठेवला की ती तोच आवाज, तोंडातल्या घासासकट, डॉक्टरांना काढून दाखवायची. "कळवा हं ताई, लगेच घेतो!" डॉक्टर हसून हसून चष्मा पुसायचे. मग ती वहीतला पुढचा नंबर फिरवायची.

या नकलेच्या जोरावरच एक दार उघडलं होतं. एका छोट्या रेडिओ केंद्राने दर गुरुवारी दुपारी तीन वाजता दहा मिनिटं दिली. गल्लीतली माणसं सांगायला तयार होती, पण स्वतःच्या आवाजात नाही. निम्म्या घरांचं पोट कारखान्यावरच होतं. मग तिने तोड काढली. ती माणसांसमोर बसून शब्दन् शब्द उतरवून घ्यायची, त्यांना वाचून दाखवायची, आणि घरी जाऊन ते दुसऱ्याच आवाजात रेकॉर्ड करायची. कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून, कारण तिथे आवाज घुमत नाही. इस्त्रीवाल्याला तिने बसच्या कंडक्टरचा आवाज दिला. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंना भाजीवालीचा. रंगाच्या पिंपांवर काम केलेल्या मुकादमाला एका गुरगुरणाऱ्या मामाचा. "नावं आणि आवाज बदलले आहेत," हे निवेदक शेवटी सांगायचा, आगगाडी सुटल्यासारखा.

अशी नऊ माणसं झाली. ती तिच्या घरात राहायलाच आली म्हणा ना. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि संध्याकाळी धुराड्याखालच्या तिच्या घरच्या दोन खोल्यांत फ्रीजशिवाय कुणी बोलत नव्हतं. आता ती पोळी लाटायला लागली की कंडक्टर खेकसायचा, "चला, चला, पुढे सरका!" भाजीवाली म्हणायची, "ए, धक्का नको देऊ, वय बघ माझं." मामा गुरगुरायचा, "आधी जेवू द्या तिला." जेवण एकीचं, पण पंगत भरलेली.

आणि मग कारखान्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने पत्रकार परिषद घेतली. गुळगुळीत माणूस, 'पर्यावरण' हा शब्द असा उच्चारायचा, जणू अत्तर लावतोय. त्याने आरोप नाकारले नाहीत, आकडे मांडले नाहीत. नुसते नऊ तुकडे एकामागोमाग वाजवले. प्रत्येक साक्षीत मध्ये कुठेतरी खोकला होता. दोन कोरडे ठसके, मग एक लांब, शेवटी शिटीसारखा जाणारा श्वास. नऊ वेळा. हुबेहूब.

"नऊ माणसं, नऊ आवाज," तो म्हणाला, "आणि खोकला मात्र एकच? मंडळी, ही सगळी म्हणजे एकच बाई आहे."

पत्रकार पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीतल्या सव्वीस ठिकाणी ती छापून आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मेल न पाठवता.

रेडिओच्या संपादकबाईंनी फोन केला. त्या वाईट नव्हत्या, घाईत होत्या. "हे बघ, मला वरून विचारताहेत. गुरुवारी एक खरा माणूस आण. गल्लीत राहणारा, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात, थेट. नाही मिळाला तर कार्यक्रम बंद. मी नाही वाचवू शकणार."

सोमवार होता. ती एकेका साक्षीदाराच्या दारी निघाली.

इस्त्रीवाल्याने इस्त्री खाली ठेवली नाही. "ताई, हे शर्ट कुणाचे बघा. कारखान्याचेच. मी रेडिओवर बोलणार आणि मग इस्त्री काय माझ्याच लेंग्याला करत बसू?"

मुकादमाच्या बायकोने दार चार बोटं उघडलं. "ते झोपलेत." आतून खोकल्याचा आवाज आला. "झोपेतच खोकतात," ती म्हणाली आणि दार लावलं.

निवृत्त बाईंनी मात्र तिला बसवलं, आणि झाडली. "चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं मी! आणि तू मला भाजीवाली केलीस?"

"बाई, ओळखू नये म्हणून."

"ते कळतं गं. पण ती माझ्यापेक्षा धीट बोलते. मी तिथे बसले तर ततपप होईल. मुलगा कारखान्याच्याच हिशेब खात्यात आहे." त्यांनी खिडकीची कड बोटाने पुसली, बोट बघितलं आणि पदराला पुसून टाकलं. "नको मला नेऊस."

बुधवारी संध्याकाळी ती ऑफिसात येऊन बसली. नक्कल केली नाही, चपलाही काढल्या नाहीत.

"डॉक्टर, तुम्ही चला ना."

"मी गल्लीतला नाही. शिवाय मी बोललो की माझी बायकोसुद्धा झोपते." डॉक्टरांनी चष्मा काढला. "एक विचारू? तो खोकला कुणाचा आहे?"

तिने वही उघडली आणि मिटली.

"मी सात वर्षं या गल्लीच्या छात्या ऐकतोय. तो मुकादमाचा नाही. इस्त्रीवाल्याचाही नाही."

"आईचा," ती म्हणाली. "मुद्दाम नाही काढला. खोकला काढायला गेले की तोच येतो. मला दुसरा येतच नाही."

"मग गल्लीत राहणारी तूच झालीस की."

"पत्रक लिहिणाऱ्याने बातमी व्हायचं नसतं, डॉक्टर."

"कुणी सांगितलं?"

आठवून बघितलं तर कुणीच सांगितलं नव्हतं.

गुरुवारी तीनला स्टुडिओत लाल दिवा लागला. तिने नाव सांगितलं, घर क्रमांक सांगितला, आणि पुढचं वाक्य भाजीवालीच्या आवाजात सुरू झालं. काचेपलीकडे संपादकबाईंनी कपाळाला हात लावला. ती थांबली. पुन्हा सुरुवात केली तर कंडक्टर डोकावला. त्यालाही तिने परत पाठवलं. मग जो आवाज उरला तो अगदीच साधा निघाला. ना चढ, ना उतार, सातबारा वाचावा तसा.

"माझी आई या घरात बावीस वर्षं राहिली. कधी विडी ओढली नाही. खिडकी रोज दोनदा पुसायची. नऊही साक्षींचे शब्द ज्यांचे त्यांचे होते. ते माझ्याकडे लिहिलेले आहेत. खोकला माझ्या आईचा होता. मी तो अकरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकला, म्हणून मला पाठ आहे. त्या सकाळी तो ऐकू आला नाही, तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, आज तिला झोप लागली." ती थांबली. "झोप नव्हती ती."

 मग निवेदकाने, प्रथमच सावकाश, वेळ सांगितली.

"कार्यक्रम चालू राहील," संपादकबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "वरूनच फोन होता." तेवढ्यात तिचाही फोन वाजला. निवृत्त बाई.

"पुढच्या गुरुवारी मी येते. मुलाशी बोलले. आणि ऐक, मी माझीच बोलणार. ती भाजीवाली नको."

"नाही आणणार, बाई."

"तिला सांग, आभारी आहे म्हणावं."

परतताना घराखालच्या, बसथांब्याजवळच्या दुकानात ती दूध घ्यायला थांबली. तिसऱ्या मजल्यावरची बाई यापलीकडे दुकानदाराला तिची ओळख नव्हती. त्याच्या रेडिओवर आता गाणी लागली होती.

"ऐकलंत का आज?" तो पिशवी पुढे करत म्हणाला. "आधीच्या बायका काय बोलायच्या! ती भाजीवाली तर जीव तोडून. आजची मात्र मला खोटी वाटली."

"का हो?"

"आई गेली म्हणाली, आणि रडली नाही."

"हो," ती म्हणाली, "नाही रडली." आणि दूध घेऊन जिना चढू लागली.