हॉलमधला खड्डा

घर बांधायच्या आधी दोन वर्षं मी ते कागदावर बांधत होते. लाईटबिलाच्या मागे, शाळेतल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर, एकदा तर आहेराच्या पाकिटावर. बेडरूम, स्वयंपाकघर मी चौकोन मारून उरकायचे. सगळा जीव हॉलमध्ये, कारण तिथं माणसं येणार होती.

माणसं जमवायची मला भारी हौस. नवी पेठेमागे भाड्याच्या दोन खोल्यांत होतो, तेव्हाही दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे बायकांची बैठक भरायची. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपार मोकळी. नाव भजनाचं. भजन अर्धा तास, आणि पुढचे दोन तास भाजक्या शेंगा, चहा आणि गल्लीतल्या प्रत्येक घराची खबरबात. या बैठकीची खरी मालकीण माझी आई. बाबा गेल्यावर ती बार्शीहून माझ्याकडे आली आणि महिन्याभरात तिनं अख्खी गल्ली खिशात घातली. सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसायची आणि शेजारणीच्या मांडीवर चापट मारत गोष्टी सांगायची.

मग तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायला सक्त मनाई केली. आम्ही सतरंजीच्या कडेला तिला खुर्ची दिली आणि तिथंच सगळं बिघडलं. खुर्चीत बसलेली म्हातारी बाई दिसली की आपल्या बायकांना दुसरं काही सुचतच नाही. येईल ती आधी तिच्या पाया पडायची, तब्येत विचारायची आणि मग खाली बसून, तिच्याकडे पाठ करून, गप्पांना लागायची. खालची कुजबुज वर आईला ऐकूच जायची नाही. पुढे पुढे तिला नेमकी गुरुवारी दुपारीच झोप यायला लागली.

"मला काय सत्कार करून घ्यायचाय रोज? तुमी बसा की," म्हणायची आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मला ते बघवायचं नाही. माणसांशिवाय ही बाई सुकून जाईल, अशी मला खरोखरच भीती वाटायला लागली होती.

म्हणून नव्या घराच्या हॉलचं माझं गणित सोपं होतं. आईला खाली बसता येत नाही ना? मग सगळ्यांनाच वर बसवायचं! तिन्ही भिंतींना लागून सोफा केला. बारा बायका ऐसपैस बसतील एवढा. सुताराला मी इतक्या वेळा मापं बदलायला लावली की शेवटी तो माझा फोन उचलेना.

चैत्रात पहिली बैठक भरली. बायकांचा सोफ्यावर हात फिरवून झाला, कौतुक करून झालं. पाच मिनिटं सगळ्या अगदी फोटो काढायला बसल्यासारख्या बसल्या. मग एकजण म्हणाली, "खाली फरशी लई गार असंल की," आणि अलगद घसरली. तिच्यामागे दुसरी. दहा मिनिटांत अख्खं भजनी मंडळ खाली, सोफ्याला पाठी टेकून! आणि एवढ्या सोफ्यावर माझी आई, रिकाम्या एसटीत एकटीच बसल्यासारखी.

मला असा संताप आला म्हणता! बायकांचा आला, सुताराचा आला, पण सगळ्यात जास्त माझा मलाच आला. संध्याकाळी नवरा म्हणाला, "सोफ्याचे पाय कापूया का?" मी त्याच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलले नाही.

वाट दाखवली ती शेजारच्या काकूंनी. त्यांचं माहेर विणकरांचं, घरात तेलुगू. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे रडगाणं गायले, तशा त्या म्हणाल्या, "आमचे नान्ना, म्हणजे वडील, खड्ड्यातल्या मागावर विणायचे. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडलेले, आणि बूड जमिनीच्या काठावर. बघणाऱ्याला वाटायचं खाली बसलेत, पण पाय खुर्चीत बसल्यासारखे. तुमी पण तसंच करा की."

मी लगेच गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, नव्या कोऱ्या फरशीत कुणी खड्डा पाडतं का?" नवरा म्हणाला, "वास्तुशास्त्रवाला बघून चक्कर येऊन पडेल." मी म्हटलं, "पडू दे. जागा तयारच असेल."

आईनं तर कहरच केला. "जित्तेपणी समाधी देताय व्हय मला?"

पण झाला खड्डा. दीड फूट खोल, उतरायला मध्ये एक पायरी, धरायला चौथ्या, मोकळ्या भिंतीत स्टीलचा दांडा. एरवी वर फळी टाकायची, म्हणजे कुणी पडायला नको.

गुरुवार आला. आई दांडा धरून उतरली आणि काठावर टेकली. तिचा खांदा शेजारणीच्या खांद्याला लागला. आईनं पाय हलवून बघितले, ऐटीत इकडंतिकडं बघितलं आणि शेंगांचं ताट स्वतःकडे ओढलं. झालं, सुरू!

एकजण उशिरा आली. दारातूनच तिनं सोफ्याकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "आजी झोपल्या का?"

"आगं, हितं हाय की मी!" बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. "सरका गं, हिला जागा द्या."

मी चहाच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्याशी उभी राहून मनसोक्त रडले. तोंड धुऊन चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर बाराच्या बारा डोकी आईच्या भोवती एकत्र आलेली, आणि आई अगदी खालच्या आवाजात काहीतरी सांगत होती. एकदम हशा उसळला. माझ्या कानापर्यंत एक शब्द आला नव्हता.

"काय झालं? मलाही सांगा की," मी ट्रे धरून उभ्याउभ्याच म्हटलं.

आईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आधी खाली बस," ती म्हणाली. "उभ्यानं ऐकायची गोष्ट न्हाई ही."

मी ट्रे सोफ्यावर ठेवला आणि खाली बसले.