आईच्या पावलावरचा ठिपका

मधुमेहामुळे आईचे पाय कोरडे पडतात. गवती चहाचं तेल थेट लावायचं नसतं, म्हणून दोन थेंब खोबरेलात मिसळून आधी तिच्या पावलावर एवढासा ठिपका लावला. "जळजळलं तर सांग," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती मटार सोलत म्हणाली, "काही झालं नाही गं. लाव बिनधास्त. घाबरट कुठली!"

मी वाकून पाहिलं. ठिपक्याच्या जागी लाल चट्टा होता, वर बारीक फोड. किती थेंब, किती तास थांबायचं, हे सगळे नियम त्वचा तक्रार करेल या भरवशावर लिहिलेले असतात. मी चट्ट्याशेजारी बोट टेकवलं, मग जोरात दाबलं.

"नुसती बघतेस काय?" आई मटारांवरून नजर न उचलता म्हणाली. "हात लावून बघ की."